मागची डावी सीट

बाबा,

तुम्ही गेल्यानंतरच्या चौथ्या की पाचव्या खेपेला मूर्तिजापूरच्या अलीकडच्या पुलावर मला काहीच जाणवलं नाही, आणि तिथून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

तुमची गाडी आता मी चालवते. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे गेले, अंगणातला मंडप निघाला, आणि त्याच आठवड्यात मी खिळ्यावरची किल्ली काढली. आठवडाभर अमरावतीला कॉलेज, शनिवारी दुपारी अकोल्याला आईकडे, सोमवारी सकाळी परत. गेल्या वर्षी याच पुलावर तुम्ही चालवत होता आणि मी शेजारी होते. पुलाचा सांधा ओलांडला आणि गाडीचं नाक वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मी म्हटलं होतं, बाबा, शॉकप गेले. आणि त्या दिवशी तोच पूल, तोच सांधा, तेच शॉकप, आणि मी प्रॅक्टिकलच्या बॅचेस कशा लावायच्या याचा विचार करत निवांत पार झाले. पलीकडे गेल्यावर लक्षात आलं की पूल मागे गेला. गाडी काही आपोआप सुधारत नाही. सुधारले नव्हते ते शॉकप. सवय मला झाली होती.

माझा सगळा भरवसा या एका गोष्टीवर होता. तुम्ही रोज चालवायचे, म्हणून तुम्हाला कळायचं नाही. मी महिन्यातून एकदा बसायची, म्हणून मला कळायचं. आता मीच रोजची झाले. मग सांगणार कोण?

तुम्ही म्हणाल, एवढं काय घेऊन बसली. बाबा, आईला अमरावतीला आणायचं होतं.

तिच्या कमरेचं तुम्हाला माहीतच होतं, पण तुम्ही गेल्यावर ते वाढलं. आलेल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून उठताबसता वाढलं असेल. मणक्यांमधली गादी सरकली आहे. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि म्हणाले, "आराम केला तर ऑपरेशन टळेल. पण हिसका बसला नाही पाहिजे. एक जोराचा हिसका बसला आणि पायात बधिरपणा उतरला, तर मग माझ्या हातात राहणार नाही." अकोल्याच्या घरात तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. शेजारच्या काकू पाणी भरून देत होत्या, पण रात्री संडासला जाताना कोण? रेल्वेनं न्यावं तर स्टेशनचे जिने. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाली, "जितेपनी मी त्या गाडीत बसत नाई. तुह्ये बाबा त्याच्यातूनच गेले." मग म्हणाली, "आपली गाडी हाय ना. तिच्यात येतो मी."

आपली गाडी. तिच्यावरून तर आपण दोघं दीड वर्ष भांडत होतो.

आपलं भांडण कसं सुरू झालं ते आठवतं का तुम्हाला? हायवे तेव्हा उखडलेला होता. मी म्हटलं, गाडी फार उडते, शॉकप पाहून घ्या. तुम्ही म्हणाले, "मॅडम, शॉकप नाई गेले. रस्ता गेला." ते खरंही होतं. मग रस्ता झाला. असा झाला की पाहुणे मुद्दाम पाहायला आले. आणि गाडी तरी झोके खायची. मी म्हटलं, आता काय?

"नवा हाय म्हणून. नवा जोडा बी चावते."

"बाबा, रस्ता चावत नसतो."

"तुले काय माईत? काळी माती हाय हे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते. वरून डांबर टाका का सोनं टाका. हा रस्ता श्वास घेते."

यात तुम्ही खोटं काहीच बोलत नव्हता. दर्यापूरपासून अंजनगावपर्यंतचा रस्ता मी पाहिला आहे, डांबर नवं असलं तरी लाटेसारखा. तुम्ही सरकारी जीप चालवत त्या लाटांवरून आयुष्य काढलं. पण रस्ता श्वास घेतो हे खरं, आणि शॉकप गेले हेही खरं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. हे मला तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. मी आपली फिजिक्स काढायची. अकरावीच्या पोरांना सांगते तसं सांगायची की स्प्रिंगचं काम गाडीला उचलून धरण्याचं, आणि शॉकपचं काम त्या स्प्रिंगला गप्प बसवण्याचं. शॉकप मेला की स्प्रिंग ऐकत नाही, एका धक्क्याचे चार झोके करते. चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, ब्रेक लांब लागतो, टायर एका जागी जास्त, एका जागी कमी असं झिजतं. मी पुढच्या टायरवरून तुमचा हात फिरवला होता, खाचा लागतात का पाहा म्हणून. तुम्ही हात फिरवला, धोतराला नाही, माझ्या ओढणीला पुसला, आणि म्हणाले, "तुह्या फळ्यावर खड्डे असते का? तवा मंग."

आई मागे हसत होती. ती कायम मागे.

तुम्हाला राग शॉकपचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. राग त्या एका शब्दाचा होता. मी म्हणायची, गाडी झोके खाते, पाळण्यासारखी होते. आणि तुमचा चेहरा असा व्हायचा की मी गाडीची तारीफ केली आणि लगेच तिच्यात खोट काढली. कारण पाळणा हा तुमचा शब्द होता. बदली होऊन जाताना एक साहेब सगळ्या ऑफिससमोर म्हणाले होते की यांच्या जीपमध्ये मी पाळण्यातल्यासारखा झोपायचो. ही गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितली की मला त्या साहेबाच्या बुटांचा रंगही पाठ आहे, जो मी कधी पाहिला नाही. तुमच्या नोकरीत तुम्हाला मिळालेला तो एकच शेरा, आणि तो कागदावर नव्हता. मग रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली, सेकंडहँड पण काचेसारखी पुसलेली, आणि पहिल्याच चकरेत मावसा म्हणाले, "भाऊ, पाळणा हाय लेका पाळणा." तुम्ही दिवसभर हसत होता. पुढे शॉकप जसजसे बसत गेले तसतशी गाडी खरंच पाळण्यासारखी व्हायला लागली, आणि तुम्हाला वाटत राहिलं की गाडी अजून मुरली.

चांगली चालणारी गाडी आणि बिघडलेली गाडी, दोघींना आपण एकच शब्द वापरत होतो. भांडण मिटणार कुठून?

गाडी घरी आली तो दिवस मला सारखा आठवतो. आई पुढचं दार उघडायला गेली. तुम्ही म्हणाले, "तिथं नाई."

"काहून? मी पुढं बसतो ना, हवा लागते."

"पुढं शिपाई बसते. तू मांगं बस. डाव्या बाजूले. साहेब तिथंच बसे." आणि तुम्ही मागचं डावं दार उघडून धरलं, अगदी ऑफिसच्या पोर्चमध्ये धरायचे तसं, एक हात दाराला आणि एक हात वर चौकटीला, डोकं लागू नये म्हणून. आई लाजली. "काय बाई तमाशा," म्हणाली, गल्लीतल्या बाया पाहत होत्या. पण बसली. त्या दिवसापासून ती तिची जागा. मी शेजारी असो नसो, पुढची सीट रिकामी असो, आई मागे डावीकडे. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांसाठी जे दार उघडलं ते तुम्हाला एकदा आपल्या माणसासाठी उघडायचं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तेव्हाच तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, पण आपल्या घरात असं बोलत नाहीत. आपल्या घरात "जेवले का" विचारतात.

आणि माझ्या ॲडमिशनच्या दिवशी तुम्ही कॉलेजच्या गेटच्या आत आले नाहीत, तेही मी कधी काढलं नाही. मी म्हटलं, आत चला बाबा, फॉर्मवर सही लागेल. तुम्ही म्हणाले, "घेऊन ये इथं. मी इथंच बरा." गाडी नव्हती, जीप नव्हती, एसटीनं आलो होतो, तरी तुम्ही गेटच्या बाजूला झाडाखाली असे उभे राहिले जशी मागे गाडी उभी आहे. बाहेर थांबणं तुमच्या अंगात होतं. आपल्या घरातली पहिली पोरगी कॉलेजात शिरली आणि तिचा बाप बाहेर राखण करत उभा. मला त्याची लाज वाटली नाही, बाबा. मला तेव्हाही गुर्मी होती आणि आजही आहे. मी ज्या स्टाफरूममध्ये बसते तिथं कोणी विचारलं तर मी सांगते, माझे वडील ड्रायव्हर होते. "होते" म्हणायची सवय मात्र अजून व्हायची आहे. ती सवय झाली नाही तर बरं.

गाडी तुम्हीच शिकवली. शास्त्री स्टेडियमवर नाही, गावाबाहेरच्या त्या पडीक मैदानावर. आईला मागे बसवलं, तिच्या हातात पाण्याचा काठोकाठ भरलेला गिलास दिला, आणि मला म्हणाले, "सांडलं नाई पाह्यजे. गाडी चालवनं म्हंजे मांगच्या मानसाचं पानी सांडू न देनं. बाकी हॉर्न त पोट्टे बी वाजवते." मी क्लच असा सोडला की माझंच डोकं स्टिअरिंगला लागलं. तुम्ही विचारलं, "सांडलं काय वं?" मागून आई म्हणाली, "नाई." आणखी दोन गोल फेऱ्या मारल्या. "सांडलं?" "नाई बाप्पा." तुम्ही खूश. गाडीतून उतरली तेव्हा आईचं लुगडं मांडीवर ओलंचिंब होतं. तुम्ही पाहिलं नाही, तुम्ही मला टायर सरळ करून गाडी लावायला शिकवत होता. तिनं पदर पुढे ओढून घेतला आणि माझ्याकडे पाहून डोळ्यांनी दटावलं.

अंजनगाव सुर्जीला लग्नाला गेलो तेव्हाही तसंच. बकरी आडवी आली, तुम्ही ब्रेक दाबला, गाडीनं नाक जमिनीला टेकवल्यासारखं केलं, आईचे गुडघे माझ्या सीटवर आपटले. बकरी अगदी थोडक्यात वाचली. तुम्ही म्हणाले, "पाह्य, कशी जागेवर थांबली." मी म्हटलं, जागेवर नाही थांबली, बकरीजवळ थांबली. तुम्ही आरशात पाहून आईला विचारलं. आई म्हणाली, "चांगली थांबली. तुम्ही चाला, तिकडं हळद लागून जाईन."

आपलं शेवटचं बोलणंही यावरच झालं, फोनवर. इतरांची शेवटची बोलणी कशी असतात मला माहीत नाही. आपलं असं होतं:

"पुढच्या शनिवारी ये. आपन गाडी दाबून पाहू. बोनेट दाबायचं अन सोडायचं. एकदा वर येऊन जागेवर बसली त शॉकप चांगले. हालत राह्यली त बदलू."

"नक्की बदलाल?"

"शब्द देतो ना. पन दाबीन मी. तू मोजजो. मी मोजलं त तू म्हनशीन बुढ्यानं बेईमानी केली."

"आणि मी मोजलं तर?"

"तू मास्तरीन हाय. मास्तरनीनं खोटं मोजलं त मंग पोट्ट्यायचं कसं?"

शनिवार यायच्या आधी आई फोनवर होती आणि तिला बोलता येत नव्हतं.

दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं आम्हाला विचारलं, कधीपासून? दम कधीपासून लागत होता? आई माझ्याकडे पाहत राहिली, मी आईकडे. जिना चढताना मध्येच थांबून तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. मी म्हटलं होतं, बाबा, दाखवून घ्या. तुम्ही म्हणाले होते, ऊन हाय. आई रोज पाहत होती म्हणून तिला तुम्ही फक्त कॅलेंडर वाचताना दिसत होता.  कधीपासून, हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, की फार दिवसांपासून.

म्हणून पुलावर मला काही जाणवलं नाही तेव्हा मी हादरले. आता यावेळी मला कळलंच पाहिजे होतं. आईला गाडीत घातल्यावर कळून चालणार नव्हतं.

मी एकटीनं गाडी दाबून पाहिली. अंगणात, भर दुपारी, बोनेटवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं आणि सोडलं. एकदा वाटलं लगेच बसली. एकदा वाटलं हलत राहिली. मग वाटलं मी पुरेसं दाबलंच नाही. मग वाटलं मला पाहिजे तेवढंच मी मोजते आहे. दाबणारा आणि मोजणारा एकच माणूस असला की असं होतं. तुम्ही बरोबर वाटणी केली होती. शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "काय वं सुजाता, गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, नाही काकू, जरा पाहते. गाडीवर डोकं टेकवून उभी राहिले थोडा वेळ. 

मग गॅरेज. अकोल्यातल्या शकीलभाईंनी वरूनच वाकून टॉर्च मारला आणि म्हणाले, "चलेगा ताई. आणखी एक पावसाळा निघते." अमरावतीच्या गॅरेजवाल्यानं गाडीकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "जुनी गाडी आहे मॅडम, चारही टाकून घ्या." एकजण म्हणतो काही नको, एकजण म्हणतो सगळं पाहिजे, आणि दोघांपैकी एकानंही गाडीत बसून चक्कर मारली नाही. त्यांना माझ्या आईचा मणका माहीत नाही, त्यांचं काही चुकलं असंही नाही. आणि आईकडे विषय काढला तर तिचं वेगळंच. "त्या गाडीले हात नको लावू. त्यायनं जशी ठेवली तशी राहू दे." सीटवर तुमची टोपी अजून होती. ती मी हलवली तरी तिला कळायचं.

एकदा तिला विचारलंही, सरळ. "आई, तुले गाडीत लागते का?"

"मले? मले कायले लागीन? पाळन्यासारखी चालते."

आता तीही तो शब्द.

उत्तर मला ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी मी ते शोधतही नव्हते. आईला अकोल्यातच डॉक्टरकडे फेरतपासणीला नेत होते. हळू, बैलगाडीच्या चालीनं. ती मागे डावीकडे. मी आरशात तिच्याकडे पाहत होते, ओठ बिठ दाबते का म्हणून. चेहरा शांत होता. मग मला दिसलं की तिचा हात वर चालला आहे. खिडकीच्या वर धरायची कडी असते ना, तिच्याकडे. मी समोर पाहिलं, रस्ता सरळ, काहीच नाही. आणि मग गतिरोधक आला. तो मला नंतर दिसला. तिच्या हाताला आधी माहीत होता. गतिरोधकावर गाडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर, आणि कडीला लटकून आईनं आपलं अंग सीटवरून इतकंसं उचललेलं होतं, बोटभर. झोके थांबले तसं तिनं अंग खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतला. चेहरा तोच.

पुढच्या चौकात पुन्हा. रेल्वे फाटकाच्या अलीकडे पुन्हा. प्रत्येक वेळी हात आधी, धक्का नंतर. मी गाडी डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर लावली आणि उतरलेच नाही.

"आई, हे कधीपासून?"

"काय?"

"हात. कडी धरतं ते."

ती खिडकीबाहेर पाहत होती. "धरा लागते ना. मांगं बसल्यावर."

"कधीपासून?"

"मले काय माईत. रस्ता झाला त्याच्या आंधीपासून." मग सीट चाचपून, "या सीटवर जरा जास्तच उडते. चाक खालीच हाय ना."

"मग बाबाले सांगितलं काहून नाई? पुढं बसली असती."

"पुढं कशी बसू? त्यायनं दार उघडून धरलं होतं." एवढं म्हणून तिनं पदर नीट केला. "रोज धरे सुजाता. भाजी आनाले गेलो तरी उतरून इकून येऊन दार उघडे. मानूस किती खूश असे त्यावेळेस. आता त्या मानसाले काय सांगू, का पाठ दुखते म्हनून?"

बाबा, तुम्ही तिला गाडीतली सगळ्यात मानाची जागा दिली. ती बरोबर मागच्या चाकावर होती, आणि मागचे शॉकप सगळ्यात आधी गेले होते. साहेब लोक तिथं बसायचे, पण साहेब लोकांच्या जीपचे शॉकप तुम्ही वेळेवर बदलून घ्यायचे, तक्रार यायच्या आत. इथं तक्रार येणारच नव्हती. मी तिथं बसून तुमच्यावर रागावले, खूप रागावले. तिच्यावर त्याहून जास्त. आणि तेवढ्यात तुम्ही दाराला एक हात आणि चौकटीला एक हात लावून उभे असलेले दिसले आणि मग रागाचं पुढे काय करायचं ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शकीलभाईंना म्हटलं, चारही बदला. ते म्हणाले, "ताई, मी तर बोललो होतो एक पावसाळा..." मी म्हटलं, पावसाळ्याचं सोडा. मागचे काढले तेव्हा त्यांच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ बसून काळी खरड झाली होती. त्यांनी दांडी हातानं आत दाबली. ती लोण्यात बोट जावं तशी गेली आणि तिथंच राहिली, वर आलीच नाही. "अरे, ये तो कबके गये," शकीलभाई म्हणाले. मी विचारलं, त्या दिवशी का नाही सांगितलं? "वरून पाह्यलं होतं ताई. वरून बरे दिसत होते." पुढच्यांचं अजून थोडं बाकी होतं, पण मी ते ठेवू दिले नाहीत.

म्हणजे मी बरोबर होते. दीड वर्ष बरोबर होते. घरी येऊन सांगायला कोणी नव्हतं. तुम्ही असते तर म्हणाले असते, जवा काढले तवाच गेले, तुह्या गॅरेजवाल्यानं पाडले. आणि मी चिडले असते, आणि आईनं आपल्या दोघांना जेवायला बसवलं असतं. जिंकल्यावर कोणाशी तरी भांडता आलं पाहिजे, बाबा.

आईला मी शॉकप बदलल्याचं सांगितलं. ती गाडीपाशी गेली, दारावरून हात फिरवला आणि टोपी जागेवर आहे ना पाहिलं. निघायच्या दिवशी मी पुढचं दार उघडलं आणि सीट मागे झुकवून उशा लावल्या. "इथं बस. डॉक्टर म्हणाले पुढं बसा." ती काठी टेकत वळसा घालून मागे डावीकडे जाऊन उभी राहिली. वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. मी गेले, दार उघडलं, एक हात चौकटीला धरला. मला तुमच्यासारखं जमलं नाही, माझा हात आखूड पडतो.

अकोल्यातून बाहेर पडेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. नवे शॉकप ताठ असतात, मला रस्त्याचा बारीकसारीक खडा कळत होता, आणि प्रत्येक खडा मला तिच्या मणक्यात जाताना दिसत होता. मी आरसा रस्त्यासाठी लावलाच नव्हता, तिच्यासाठी लावला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे पूल दिसायच्या आधी तिचा हात वर गेला. सांधा आला, गाडी एकदा उचलली आणि बसली. बस्स. तिनं कडी धरूनच ठेवली, पुढच्या झोक्यासाठी. तो आला नाही. बऱ्याच पुढे गेल्यावर तिनं हात काढला आणि त्या हाताकडे पाहिलं.

"रस्ता चांगला केला वाटते इथचा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तुमच्या बाजूनं एक उत्तर राहू दिलं.

मला वाटलं होतं मी आता निर्धास्त होईन. झाले नाही. हेही शॉकप जातील. हळूहळू, कोणाला न कळता, आणि मी रोजची असेन, आणि मागे एक बाई असेल जी लुगडं ओलं झालं तरी नाही सांडलं म्हणणार. बडनेरा जवळ येईपर्यंत मी हाच विचार करत होते, की गाडीतल्या कोणत्या भागावर मी भरवसा ठेवायचा. तिथं रस्त्याचं काम चालू होतं, एका कडेचं डांबर उकरलेलं. मी ब्रेक लावला, पण चाक त्या काठावरून उतरलंच. फार नाही, इतकंसं.

"लागलं," आई म्हणाली.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. आरशात पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, जरा रागानं, जरा घाबरून, काहीतरी तोंडातून निसटून गेल्यासारखी. तुमच्या गाडीत, तुम्ही दिलेल्या सीटवर बसून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पूर्ण मागे वळून बसले.

"कुठं?" मी विचारलं.

आणि तिनं पाठीमागे हात नेऊन दाखवलं.